हवा लागली

आमच्या घरात दुखण्याखुपण्याची नोंद चांदाच्या महिन्यांनी होते. अब्बांचे ऑपरेशन कधी झाले? बकरीदच्या आदल्या आठवड्यात. भाईजानना कावीळ कधी झाली? रमजानच्या आखरी अशऱ्यात. इंग्रजी तारखा अम्मीला आमच्या पगाराच्या आणि गॅस सिलिंडरच्या तेवढ्या ठाऊक. यात काही वाईट नाही. पण याच हिशेबामुळे घरातले एक दुखणे सोळा वर्षे डोळ्यांसमोर राहूनही आम्हाला ओळखता आले नाही, म्हणून हा मजकूर लिहीत आहोत.

घर मार्कंड्याला. चामोर्शी तालुक्यातले हे गाव जुन्या देवळांमुळे साऱ्या विदर्भाला माहीत आहे. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे वळण घेते आणि थोडे अंतर उत्तरेकडे वाहते, म्हणून इथल्या काठाला मान. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आमचे दादामियाँ लाकडाच्या डेपोवर मुन्शी म्हणून या भागात आले आणि इथलेच झाले. अब्बांनी हयातभर जत्रेत बांगड्यांचे दुकान लावले. आम्ही बी.एड. करून उर्दू शाळेत लागलो. शाळा दुसऱ्या गावी आहे, रोज मोटारसायकलने जातो-येतो. (आम्ही म्हणजे एकटेच. घरी ‘हम’ म्हणायची सवय आहे, ती मराठी लिहितानाही जात नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

२००७ साली आम्ही बारावी झालो. मामूंच्या ओळखीने कोकणातल्या किनाऱ्यावरच्या एका गावी कॉलेज मिळाले. बोर्डिंगमध्ये राहण्या-जेवण्याची फुकट सोय होती. घरच्यांनी जे विचारायचे ते सगळे विचारले. जेवण हलाल आहे ना, मशीद जवळ आहे ना, सोबतची मुले कोणत्या घरची आहेत, ईदला यायला गाडी मिळेल ना. तिथले आभाळ कसे असते, हे कोणी विचारले नाही. कोण विचारणार? कोकणात पाऊस फार, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य होते. ते आपल्या अंगावर पडेल असे पाठ करताना वाटले नव्हते.

आमच्याकडेही पाऊस कमी नाही. भामरागडचा रस्ता तर पर्लकोटेच्या पुराने दर पावसाळ्यात बंद पडतो. पण इकडचा पाऊस येतो तसा जातोही. रोवणीच्या दिवसांतसुद्धा उघाडीप मिळते, दुपारी चिखलावर ऊन चमकते. तिथे जूनच्या मध्यावर आभाळ खाली आले ते वर गेलेच नाही. खोलीच्या भिंतींना ओल, उशीला वास, वाळत घातलेला पायजमा चौथ्या दिवशीही दमट. दुपारी दोन वाजता ट्यूबलाइट लावून बसायचे. पहिले पंधरा दिवस गंमत वाटली. मग आम्ही झोपू लागलो.

झोप म्हणजे तरी काय, रात्री दहाला पडायचे ते सकाळी दहाला उठायचे, आणि उठल्यावर रात्रभर ओझी वाहिल्यासारखे अंग. फज्र तर गेलीच, जोहरही जाऊ लागली. भूक मात्र वाढली. भात, बटाटा, पाव, जे हाताशी येईल ते. पुस्तकाची ओळ वाचून खालच्या ओळीवर गेलो की वरची पुसली जाई. रडू येत नव्हते. आले असते तर कोणाला काही सांगता आले असते. हजेरी भरेना, तेव्हा अर्जात ‘पोटाचे दुखणे’ लिहिले. मनाचे दुखणे लिहायला ना आमच्याकडे शब्द होता, ना त्या अर्जात तशी जागा.

ऑक्टोबरमध्ये ऊन पडले आणि आठवडाभरात आम्ही पुन्हा माणसांत आलो. हिवाळा छान गेला, परीक्षाही कशीबशी निघाली. २००८ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच, पण जास्त. या वेळी आम्ही ट्रंक उचलली आणि घरी आलो. मामूंची ओळख गेली, फुकटची सोय गेली, दोन वर्षे गेली.

घरी आल्यावर अम्मीने हिशेब लावला. मागच्या वर्षी रजबमध्येच झाले होते, यंदाही रजबमध्येच. म्हणजे रजबमध्ये काहीतरी घडले आहे. चामोर्शीकडचे एक आमिल आले. त्यांनी नाडी पाहिली, समुद्राकाठी संध्याकाळी एकटे फिरलात का म्हणून विचारले. फिरलो होतो. ‘हवा लागली,’ ते म्हणाले. तावीज बांधला, दम केलेले पाणी दिले. तो सप्टेंबर होता, रमजान चालू होता. ईद ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली, तोवर आम्ही ठणठणीत. तावीज जुलैत बांधला असता तर बिचाऱ्याची अब्रू गेली असती. सप्टेंबरमध्ये बांधला म्हणून आजपर्यंत त्याचे नाव निघते.

आमिलांचा राग नाही. राग आला तो शहाण्या माणसांचा. ‘ईमान कमजोर झाले की असे होते, नमाज पढा,’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. नमाजसाठी उठता येत नाही हेच तर दुखणे होते. हजरत याकूब पुत्राच्या दुःखाने रडून रडून दृष्टी गमावून बसले, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या ईमानाबद्दल कोणी शंका घेत नाही. शेजारच्या पोराबद्दल मात्र लगेच घेतो.

पुढे आम्ही घरी राहून बी.ए. केले, विदर्भातच बी.एड. केले. पावसाळ्यात थोडे जड वाटायचे, पण उघाडीप होती, शेत होते, शाळेला जाताना रोज अंगावर उजेड पडायचा. पुन्हा तितके कधी झाले नाही. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. थॉर्नडाइकची मांजर आणि पियाजेच्या अवस्था पाठ करून आम्ही चांगले गुण मिळवले. त्या पेपरातले आमच्या जुलैशी जुळेल असे काही सापडले नाही.

आता गुड्डीची गोष्ट. गुड्डी भाईजानची मोठी मुलगी, दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, हुशार, जरा तोंडाळ. २०२२ मध्ये ती दहावीत होती. जुलैअखेर मोहरमचा चांद दिसला आणि तिचे बोलणे कमी झाले. अम्मीला त्यात वावगे काही दिसले नाही. मोहरम गमचाच महिना. पोरगी संवेदनशील आहे, वाइजात ऐकलेले मनाला लावून घेते. २०२३ मध्ये मोहरम जुलैच्या मध्यानंतर आला. गुड्डी पुन्हा गप्प. ‘मोहरमचा चांद दिसला की पोरीचा चेहरा उतरतो,’ हे आता घरात म्हणच झाली. आमच्या रजबची आठवण कोणालाही झाली नाही, आम्हालाही नाही. रजब कुठे, मोहरम कुठे!

२०२४ चा मोहरम ८ जुलैच्या सुमारास सुरू झाला. तोवर गुड्डी अंथरुणातच होती. बारावीचे वर्ष, नीटची तयारी, आणि ती दिवसाचे चौदा तास झोपत होती. भाभी ओरडायच्या, भाईजान मोबाइल काढून घ्यायचे. एका रात्री आम्ही पाणी प्यायला उठलो तर ती अंगणातल्या पायरीवर बसलेली. म्हटले, बेटा, झोप आता, सकाळी उठायचे आहे. ती म्हणाली, ‘चाचा, सकाळ व्हायलाच नको असं वाटतं.’ आवाजात रडणे नव्हते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ट्रंकेवर बसलेले आम्ही हेच म्हणालो असतो, फक्त समोर कोणी नव्हते. त्या रात्री आम्ही तिच्याजवळच बसून राहिलो.

हिशेब जुळवून दिला तो एका ढिवर म्हाताऱ्याने. वैनगंगेवर डोंगा चालवण्यात त्यांचा जन्म गेला. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ते आम्हाला गुरुजी. गुड्डीला ते लहानपणापासून पाहत आले. काठावर उभे असताना आम्ही सहज म्हणालो, पोरीला मोहरममध्ये बरे नसते. मामाजींना मोहरम फक्त सवारीपुरता माहीत. ते म्हणाले, ‘मोहरम नाही का फोहरम नाही, गुरुजी. पोट्टी मिरगात सुकते अन् हत्ती निंगला का हासते. दरसाल पाह्यतो मी.’

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, जूनच्या सात-आठ तारखेला लागते. हत्ती म्हणजे हस्त, सप्टेंबरच्या शेवटी. मधे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा. शेतकरी आणि ढिवर सूर्याच्या या नक्षत्रांनी पावसाळा मोजतात. ती दर वर्षी त्याच तारखांच्या आसपास येतात. आपले हिजरी वर्ष चांदाचे, ३५४ दिवसांचे. दर साल अकरा-एक दिवसांनी मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. रोजाच्या बाबतीत हीच त्याची खूबी आहे. जगातल्या कोणत्याही गावाच्या वाट्याला कायम उन्हाळ्याचेच रोजे येत नाहीत. पण ज्या दुखण्याला ऋतू आहे, ते या हिशेबात पकडता येत नाही.

त्या रात्री भिंतीवरचे कालनिर्णय खाली काढले. त्यात नक्षत्रेही असतात आणि मुसलमानी महिनेही. जुन्या तारखा मोबाइलवर काढल्या. २००८ मध्ये रजब जुलैत होता. २०२४ मध्ये जुलैत मोहरम. सोळा वर्षांत चांदाचे वर्ष जवळजवळ सहा महिने मागे सरकले होते. आमचा रजब आणि गुड्डीचा मोहरम एकाच जागी होते, आर्द्रेपासून उत्तरेपर्यंत. चाचाचे आणि पुतणीचे दुखणे एकच. अम्मीला समजावून सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुला तावीज बांधला तो मग कशाचा?’

डॉक्टरकडे जाण्याचे ठरवणे सोपे नव्हते. नागपूरला पागलखाना चौक आहे. आपल्याकडे मनाच्या डॉक्टरचे नाव काढले की लोकांना तो एकच पत्ता आठवतो. शिवाय मुलीची जात, उद्या रिश्ता पाहायला लोक येतील. भाभींचा विरोध होता आणि तो खोटा नव्हता. लोक विचारतातच. शेवटी भाईजान म्हणाले, ‘रिश्ता जिवंत मुलीचा होतो.’ एवढे कठोर वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पूर्वी ऐकले नव्हते.

डॉक्टरांनी तासभर दिला. किती वर्षे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, झोप वाढते की कमी होते, भूक वाढते की मरते. लागोपाठ निदान दोन वर्षे त्याच ऋतूत दुखणे येऊन त्याच ऋतूत गेले, तर त्याला ऋतूशी बांधलेले नैराश्य म्हणतात. आणखी एक प्रश्न त्यांनी खोदून खोदून विचारला. पाऊस संपल्यावर मुलगी नुसती बरी होते, की अति आनंदी होते? झोपेशिवाय दिवस काढते, वाटेल तसा पैसा उडवते, असे काही? तसे असेल तर दुखणे वेगळे, औषध वेगळे. तसे नव्हते. त्यांनी कमी मात्रेची गोळी दिली, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही असे बजावले, आणि सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास उघड्यावर काढायचा, पाऊस असला तर छत्री घेऊन, असे सांगितले. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. तिथे मराठीतही बोलता येते. गुड्डीने तो ‘नानीअम्मा’ या नावाने मोबाइलमध्ये ठेवला आहे, मैत्रिणींनी पाहू नये म्हणून.

छत्री घेऊन उघड्यावर कशासाठी, हे आम्ही विचारले. शिक्षकाला कारण लागते. उजेड लक्स या मापात मोजतात. भर उन्हात बाहेर एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. आभाळ गच्च भरलेले असले तरी बाहेर काही हजार लक्स असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत दोनशे-तीनशे. आपल्या डोळ्याला हा फरक कळत नाही, तो जुळवून घेतो. पण डोळ्यांतून मेंदूच्या घड्याळाला जो निरोप जातो, त्याला कळतो. सकाळचा उजेड कमी पडला की ते घड्याळ मागे पडते, झोप-जाग बिघडते. परदेशात यासाठी दहा हजार लक्सचा दिवा मिळतो. रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसतात. आता तो इकडेही मागवता येतो, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. डॉक्टर म्हणाले, पुस्तके थंड देशांच्या हिवाळ्याबद्दल बोलतात, आपल्या पावसाळ्याचा अभ्यास थोडा झाला आहे. पण तुमच्या मुलीने तीन वर्षे तारखा पाळल्या आहेत, आपण तिचे ऐकू.

पुढे वाचनात आले की या दुखण्याला वैद्यकात जागा मिळवून देणारे डॉक्टर नॉर्मन रोझेंथाल हे स्वतः जोहान्सबर्गच्या उन्हातले. पुढच्या प्रशिक्षणासाठी १९७६ साली न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात आपली उमेद कुठे गेली हे त्यांना कळेना. वसंतात ती परत आली. १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे तेही शिकण्यासाठी गाव बदललेले माणूसच. फरक एवढाच की आम्ही ट्रंक उचलून घरी आलो आणि त्यांनी संशोधन केले. असो.

२०२५ मध्ये गुड्डीने नीट दिली, उर्दूतून. २०१८ पासून ती सोय आहे. परीक्षा मे महिन्यात, म्हणजे तिच्या चांगल्या दिवसांत. गुण एमबीबीएसपुरते नव्हते, बीयूएमएसपुरते होते. दहावीला उर्दू असल्याने युनानीचा रस्ता सरळ होता. आयुषच्या फेऱ्या मागाहून होतात, त्यामुळे कॉलेजांचा क्रम लावून द्यायचे दिवस नेमके पावसाचे. एजंट लोकही याच दिवसांत फिरतात. एकाने रशियातल्या एमबीबीएसचे रंगीत पत्रक आणून दिले. हॉस्टेल, इंडियन मेस, हलाल जेवण, सगळे लिहिले होते. आम्ही नकाशा काढला. अर्खांगेल्स्कला, जिथे भारतीय मुले शिकायला जातात, डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम चार तासांचा. आमच्या गडचिरोलीचा सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७-४८ पर्यंत जातो आणि आपण सूर्याला शिव्या देतो, त्या परत घ्याव्यात असे वाटले. पत्रकात दिवसाचे तास छापलेले नव्हते. पैसा तेवढा नव्हताच, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

खरा वाद राहिला महाराष्ट्रातला. मुंबईत वर्सोव्याचे अंजुमन-ए-इस्लामचे तिब्बिया, पुण्याच्या कॅम्पमधले झेड.व्ही.एम., मालेगावचे मोहम्मदिया, सातपुड्याच्या पायथ्याचे अक्कलकुवा. भाईजानचे मन मुंबईवर. नाव मोठे, भाभींची बहीण मुंब्र्याला. गुड्डीचेही मुंबईवरच, तिला समुद्र पाहायचा होता. आमचे मन मालेगाववर. आम्ही शाळेतल्या सवयीने तक्ताच केला. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी, मालेगाव तर पर्जन्यछायेत. तक्त्याच्या खाली लाल शाईने मालेगाव लिहून दोनदा अधोरेखित केले. मालेगाव इथून किती दूर आहे, हे आम्ही तक्त्यात घेतले नव्हते. नागपूरहून सेवाग्राम एक्सप्रेसने मनमाड, पुढे एसटी, आणि त्याआधी नागपूर गाठायचे ते वेगळेच. आजारी पडली तर आणायला जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी पोहोचणार.

गुड्डीने तक्ता पाहिला आणि हसली. ‘चाचा, तुम्ही पाऊस मोजला. ढग कुठं मोजले?’

खरे होते. पुण्यात पाऊस थोडा, पण भुरभुर लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, असे तिथे राहिलेले लोक सांगतात. मिलिमीटरच्या कोष्टकात ती भुरभुर येत नाही. आम्ही गप्प बसलो. मग ती जे बोलली ते आम्हाला जिव्हारी लागले. ‘तुम्हाला कळत नव्हतं म्हणून तुमची दोन वर्षं गेली. मला कळतंय. तुमच्या भीतीनं माझं कॉलेज ठरवू नका.’

हे ऐकून घेणे कठीण गेले, कारण त्यात खरे किती आणि पोरकटपणा किती, हे आजही आम्हाला सांगता येत नाही. काळजी आणि आपली जुनी भीती यांत फरक करणे मोठ्या माणसांना जमत नाही. तिला आयुष्यभराची रोगी ठरवून उन्हाच्या गावात ठेवणे हा एक जुलूम, आणि कळत असून ढगांखाली पाठवणे हा दुसरा. शिवाय कॉलेज सुरू होते पावसाळा संपता-संपता. पहिले सात-आठ महिने छान जाणार, घरचे निश्चिंत होणार, आणि नवलाई संपलेली असताना पहिला मृग येणार.

तिने आपला रस्ता आपणच काढला. त्या-त्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलींचे नंबर मिळवले आणि फोन लावले. तिचे प्रश्न ऐकून त्या मुली चकित झाल्या असतील. खोलीची खिडकी कोणत्या दिशेला? काच रंगवलेली आहे की साधी? सकाळी छतावर जाता येते का? पावसात छत्री घेऊन आवारात फिरले तर कोणी टोकते का? समुपदेशक आहे का, आणि असला तर बसतो कुठे? (शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. तेव्हा हे विचारणे म्हणजे नखरा नव्हे.)

एका ठिकाणी छताला कायम कुलूप. कारण मुली. दुसरीकडे खिडक्यांना हिरवा रंग. कारण तेच. कोणत्या गावी, ते लिहिण्यात अर्थ नाही, हे पुष्कळ गावांत आहे. बेपर्दगी नको हे आम्हालाही मान्य आहे, आमच्या घरात पर्दा आहे. पण मुलीला बाहेरच्यांनी पाहू नये म्हणून केलेली व्यवस्था तिने आभाळही पाहू नये अशी होऊन बसली आहे, हे आमच्या कधी लक्षात आले नव्हते. पावसाळ्यात मुलगे निदान चहाला टपरीवर जातात. मुली जूनला खोलीत शिरतात त्या सप्टेंबरला बाहेर येतात. आमचा मिलिमीटरांचा तक्ता त्या कुलपापुढे फिका पडला. मुंबईच्या धो-धो पावसात जिचे छत उघडे आहे तिला, कोरड्या गावात रंगवलेल्या काचेआड बसणारीपेक्षा उजेड जास्त मिळू शकतो. हे कोणत्याच माहितीपुस्तिकेत छापत नाहीत.

याच दिवसांत तिने युनानीचे एक जुने उर्दू पुस्तक आणले आणि आमच्यासमोर उघडून ठेवले. अस्बाब-ए-सित्ता जरूरिया, म्हणजे सेहतीला आवश्यक अशी सहा कारणे. खाणेपिणे, शरीराची हालचाल आणि आराम, मनाची हालचाल आणि आराम, झोप आणि जाग, शरीराने टाकणे आणि राखणे. आणि या सगळ्यांच्या आधी पहिले कारण हवा. हवेत ऋतूही आले. इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये ऋतूंनी हवा कशी पालटते आणि त्याने माणूस कसा पालटतो, याची चर्चा हजार वर्षांपूर्वी केली. उदासीला हकीम मालीखोलिया म्हणत आणि तिचा इलाज करीत. तिला ईमानाचा कमकुवतपणा म्हणत नसत. गुड्डी म्हणाली, ‘तुमचे आमिलसाहेब बरोबरच म्हणाले होते चाचा. हवाच लागली होती.’ अम्मीने हे ऐकले आणि तेवढ्यापुरते तिचे समाधान झाले.

क्रम तिने लावला. वर कोणते, खाली कोणते, हे इथे सांगत नाही. तिच्या दुखण्याची गोष्ट साऱ्या वार्षिकाला सांगून झाली आहे, राहण्याचा पत्ता तरी तिचा तिच्याकडे राहू द्यावा. हा मजकूर तिने वाचला आहे. दोन परिच्छेद काढायला लावले, ते काढले. भाभींनी वाचलेला नाही.

सोडायला आम्ही आणि भाईजान गेलो. वॉर्डनबाईंना दुखण्याबद्दल सांगायचे की नाही, यावर गाडीत दोन तास वाद झाला. शेवटी गुड्डीने स्वतः सांगितले, आमच्या देखत, सर्दी-पडशाचे सांगावे तसे. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘गोळ्या आहेत ना जवळ?’ आणि छताची किल्ली कुठे टांगलेली असते ते दाखवले. फज्रनंतर घ्यायची, नाश्त्याच्या घंटेआधी जागेवर ठेवायची. एवढेच. आम्ही नागपूरपासून जुळवत आणलेले भाषण तसेच राहिले.

घरी आलो तर भिंतीवरचा खिळा रिकामा. कालनिर्णय ती बॅगेत घालून घेऊन गेली होती. जूनचे पान तिने आधीच मुडपून ठेवले आहे, असे तिच्या धाकट्या भावाने सांगितले. अम्मी रोज मगरिबनंतर तिला फोन लावते. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, जेवलीस का. आता ती आधी विचारते, ‘आज तिकडे ऊन होतं?’